माहुलीपासून विश्रामबागेपर्यंत

साताऱ्याचे स्टेशन साताऱ्यात नाही, ही गोष्ट परगावच्या पाहुण्याला गाडीतून उतरल्यावरच कळते. ते आहे माहुलीच्या बाजूला, गावापासून चांगले लांब. आम्ही सातारकर त्याचे खापर कधी इंग्रजांवर फोडतो, कधी डोंगरावर. खरी गोष्ट अशी, की अजिंक्यताऱ्याच्या कुशीत एकदा घर केलेल्या माणसाला कुठे जायची घाईच नसते. गाडीला गरज असेल तर तिने यावे!

पण यंदा जुलैच्या अखेरीस मी या स्टेशनावर गाडीच्या वेळेआधी पाऊण तास येऊन बसलो होतो. मांडीवर कंदी पेढ्यांचा पुडा, बाकाशेजारी पिशवी, आणि डोक्यात पुतण्याचा आदल्या रात्रीचा फोन.

"नाना, तुमी या. पोराच्या कॉलेजचं ठरवायचंय. रविवारी गिऱ्हाईक इसार घेऊन येतंय."

"कसला इसार?"

"मळीतलं वीस गुंठं काढतोय. पुण्याच्या एका कॉलेजात कंप्युटरची जागा मिळतीय, मॅनेजमेंट कोट्यातनं. आबा काय बोलत न्हाईत. तुमी शिकल्याली माणसं. तुमीच सांगा, येवढा पैसा घालावा का घालू नये?"

चाळीस वर्षे मी शाळामास्तरकी केली. शिकावे की शिकू नये, या प्रश्नाचे उत्तर माझ्या जिभेवर कायम तयार असे. शेकडो पालकांना मी ते ऐकवले आहे. पण आमच्या मळीच्या वीस गुंठ्यांवर तो प्रश्न येऊन बसला, तेव्हा माझी जीभ टाळ्याला चिकटली. "येतो," एवढेच मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर मला झोप आली नाही. पहाटेच उठलो आणि पोवई नाक्यावरून चालत रयत शिक्षण संस्थेच्या आवारात गेलो. वकिलाचा सल्ला हवा असला म्हणजे माणूस वकिलाकडे जातो. मला सल्ला हवा होता म्हणून मी कर्मवीरांच्या समाधीकडे गेलो, असे म्हटले तरी चालेल. नाहीतरी कॉलेज किती रुपयांना पडते आणि ते कोणी भरायचे, या एका प्रश्नावर ज्या माणसाने सारा जन्म घालवला, तो इथेच विसावला आहे.

भाऊराव पाटलांचा जन्म १८८७ चा, कुंभोजचा. घर वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. ते स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर खपवीत ते गावोगाव हिंडले. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून नांगर विकता विकता त्यांना दिसले, की या घरात नांगर आला तरी पाटी यायची नाही. कारण पाटीबरोबर पोराचे जेवण, कपडा, गावाबाहेर राहायची जागा हे सगळे येते, आणि ते कोणाच्या आवाक्यात नाही. १९१९ साली कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू झाले. सर्व जातींची मुले एका पंगतीला बसत, हे त्या काळी सोपे नव्हते. १९२७ मध्ये गांधीजी आले आणि त्यांच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव मिळाले.

मुलांना दोन वेळ जेवायला घालायचे म्हणजे पैसा हवा. तो संपला तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने काढून दिले; शेवटी मंगळसूत्रही गेले. शाळेत असताना ही हकीगत मी मुलांना दरवर्षी सांगत असे, आणि ती सांगताना माझा आवाज हमखास भरून येई. टाळ्या मिळत. पण यंदा त्या पहाटे तिथे उभा असताना वेगळेच काही मनात आले. ते मंगळसूत्र म्हणजे फी होती. मुलांना भाकरी फुकट मिळाली, पण भाकरी फुकट झाली नव्हती. तिचा दाम कोणीतरी मोजलाच होता.

भाऊरावांनी हे माझ्या फार आधी ओळखले असले पाहिजे. एका बाईच्या गळ्यातल्या सोन्यावर किती मुले शिकणार? म्हणून त्यांनी 'कमवा आणि शिका' ही रीत रुळवली. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेव्हा तीच रीत कॉलेजात आली. मुलाने रोज काही तास शेतात, बांधकामावर, भटारखान्यात राबावे, आणि त्या घामावर खावे नि शिकावे. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य संस्थेने भिंतीवर लिहिले, ते शोभेसाठी नव्हे.

मी त्याच रीतीतला. १९६६ मध्ये मी साताऱ्याला आलो तेव्हा कर्मवीरांना जाऊन सात वर्षे झाली होती. पण कुदळी तिथेच होत्या! पहाटे पाचला घंटा होई. कोणी झाडांना पाणी घाली, कोणी मुरूम पसरी. माझी पाळी पुष्कळदा भटारखान्यात असे. शंभर-सव्वाशे भाकऱ्यांचा ढीग आणि आमटीची काहील यांच्यासमोर उभे राहून मी शेक्सपिअरचे उतारे पाठ केले आहेत. आमच्या फीचे ओझे सरकारने उचलले होते. १९६० च्या सुमारास यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना गरीब घरच्या मुलांना फीची सवलत मिळाली. तिला आम्ही 'ईबीसी' म्हणत असू. हे दोघेही जुन्या सातारा जिल्ह्याचेच. म्हणजे फी माफ होती. पोट मात्र माफ नव्हते, ते कुदळीने भरावे लागे.

त्यामुळे माझी अशी पक्की समजूत होती, की मी कोणाच्या कवडीचा मिंधा नाही. माझे शिक्षण मी माझ्या हातांनी कमावले. ही समजूत मी पंचावन्न वर्षे अंगरख्यासारखी मिरवली. ती कशी उसवली, ते पुढे येईल.

गाडी आली. कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर अशी एकेक स्टेशने मागे पडू लागली. पावसाने रान हिरवेगार झालेले. कृष्णा कधी दिसे, कधी उसात लपे. लहानपणी ही गाडी मीटर गेजची होती; १९७१ साली रूळ रुंद झाले. गाडीचा वेग वाढला, पण खिडकीजवळ बसणाऱ्या म्हाताऱ्याच्या आठवणी जुन्याच रुळांवरून जातात.

समोरच्या बाकावर दोन तरुण बसले होते. दोघेही पदवीधर. एक स्पर्धा परीक्षा देत होता, चौथ्यांदा. दुसऱ्याने परीक्षांचा नाद सोडून कराडात मोबाईलचे दुकान टाकले होते.

"सर, बी. ए. करून काय झालं?" दुकानदार हसत म्हणाला. "तीन वर्षं गेली. दुकान आधीच टाकलं असतं, तर आज दोन झाली असती."

"अरे, पण बी. ए. नसतास तर बायको कुणी दिली असती?" परीक्षावाला म्हणाला. डबा हसला. मीही हसलो. पण हसता हसता ध्यानात आले, की पदवीचा हिशेब आता या दोनच वह्यांत मांडला जातो : एक पगाराची, दुसरी सोयरिकीची. आणि दोन्ही वह्यांत तोटा दिसला, की लोक म्हणतात, कॉलेज फुकट गेले.

कराडचे स्टेशन ओगलेवाडीला. इथल्या काच कारखान्यातून निघालेला प्रभाकर कंदील एके काळी महाराष्ट्रातल्या घराघरांत होता. त्याच्या काचेवर काजळी धरे, ती राखेने पुसून आम्ही अभ्यास केला. कराड म्हटले की यशवंतराव आठवणारच. त्यांचा जन्म १९१३ चा, आजोळी, देवराष्ट्र्याला. वडील लहानपणीच गेले. आई विठाई आणि थोरले भाऊ यांनी संसार ओढला, तेव्हा धाकट्याला कराडची शाळा, कोल्हापूरचे राजाराम कॉलेज आणि पुण्याचे लॉ कॉलेज दिसले. १९३८ साली ते बी. ए. झाले. त्यांच्या चरित्रातला हा भाग मी वर्गात एका वाक्यात उरकीत असे. थोरले भाऊ काय करीत होते, असे कोणी मुलाने कधी विचारले नाही. मीही कधी सांगितले नाही.

ताकारी गेले आणि किर्लोस्करवाडी आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांच्या आश्रयाने या माळावर कारखाना उभा केला, तेव्हा इथे निवडुंग होता आणि कुंडल रोड नावाचे एक लहानसे स्टेशन. लक्ष्मणरावांकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. ते मुंबईला चित्रकला शिकले, आणि यंत्रे जोडायला आपले आपण शिकले. कॉलेजावाचून काही अडत नाही असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण फार आवडते. मलाही आवडते. पण ते देताना एक गोष्ट विसरली जाते. त्याच कारखान्याला पुढे शिकलेले इंजिनिअर हवेच होते. लक्ष्मणरावांसारखा माणूस शंभर वर्षांत एखादा होतो. कारखाना चालवायला रोज माणसे लागतात.

भिलवडीला उतरलो. पुतण्या मोटरसायकल घेऊन आला होता. वाटेत त्याने मळी दाखवली. नदीकाठची काळीभोर जमीन. ऊस डोक्याच्या वर गेलेला. मी म्हणालो, "सोन्यासारखी जमीन आहे रे."

"सोनं हाय, पर नदी मागती की," तो म्हणाला. "दोन हजार पाचला मागितलं, एकोणीसला मागितलं, एकवीसला मागितलं. एकोणीसला आठवडाभर ऊस पाण्यात हुता. नाना, माझं हितं गेलं तेवढं बास झालं. पोरगं हितं न्हाई ठेवायचं."

त्याचे म्हणणे चूक आहे असे मला म्हणवेना. जमिनीवर माया करायला साताऱ्याच्या खोलीत बसलेल्या माणसाचे काय जाते?

दादा ओसरीवर बसला होता. वय ब्याऐंशी. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. पाय धुतले, पेढे दिले. त्याने एक पेढा देवापुढे ठेवायला सांगितला आणि एक तोंडात टाकला. वहिनीने चहा आणला. मग पुतण्याने हिशेबाची वही काढली.

पुण्याच्या कॉलेजची फी, कोट्याचे पैसे, खोली, मेस, चार वर्षांचा जाण्यायेण्याचा खर्च. आकडे त्याने नीट मांडले होते. मी चष्मा लावून बेरीज तपासली. ती बरोबर होती. खाली जमिनीची किंमत लिहिली होती. वरचा आकडा आणि खालचा आकडा जवळजवळ जुळत होते. वीस गुंठे म्हणजे चार वर्षे.

"आणि याला इथे जवळपास काही मिळत नाही का?" मी विचारले.

"मिळल की. शासनाच्या फेरीतनं मेकॅनिकल मिळल, जिल्ह्यातच. पर कंप्युटर न्हाई मिळत. आन् सगळी म्हणत्यात, कंप्युटरच घ्यावं."

"पोरगं काय म्हणतं?"

"त्याला काय कळतंय? त्याला अजून सांगितलं न्हाई. जमीन काढतोय म्हणून कळलं तर त्याचा जीव घाबरा हुईल. त्यानं नुसतं शिकावं."

हे ऐकून वहिनी आतून बाहेर आली. ती फारसे बोलत नाही. दाराच्या चौकटीला टेकून ती म्हणाली, "भावजी, ह्या घरात पयल्यापास्नं ह्योच कायदा हाय. शिकणाऱ्याला काय सांगायचं न्हाई. तुमाला तरी कुठं सांगितलं हुतं?"

"मला काय सांगायचे होते?"

दादा म्हणाला, "जाऊ दे गं."

"का जाऊ दे? आता माणसं म्हातारी झाली. तुमच्या बीएडला म्हस इकली न्हवं का! दोन वेळची दुधाची म्हस. थोरलीला सा म्हयन्याचं घेऊन मी काळ्या चहावर दिवस काढलं."

मी दादाकडे पाहिले. १९७० साली मी बी. ए. झालो. साताऱ्याच्या आझाद कॉलेजात बी. एड.ला गेलो, तेव्हा दादाने दोनदा पैसे पाठवले होते. दिवाळीला घरी आलो तर गोठ्यात म्हैस नव्हती. "घटसर्पानं गेली," असे दादाने सांगितले होते. मी हळहळलोही होतो. मग पुरणपोळी खाऊन साताऱ्याला परतलो होतो.

ओसरीवर बराच वेळ कोणी बोलले नाही. पंचावन्न वर्षे मिरवलेल्या अंगरख्याची शिवण त्या वेळी उसवली. मी माझ्या घामावर शिकलो, हे खोटे नव्हते. पण मी शिकत असताना घरचा नांगर कोणी धरला? सातवीनंतर दादाने शाळा सोडली, कारण वडील गेले आणि मी अवघा आठ वर्षांचा होतो. कॉलेजात माझे हात कामाला होते, पण मी घरच्या कामाला नव्हतो, आणि त्या न झालेल्या कामाचा रोजगार कोणी तरी मोजत होते. मी मुरूम पसरला त्याची मला जाणीव होती. म्हैस मला दिसलीच नव्हती.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मी दादाला विचारले, "दादा, खरे सांग. तुला कधी वाटले का, की याच्यावर घातले ते वाया गेले?"

तो अंधारात हसला. "वाया कशानं? तुझ्यामागनं गावातली धा-बारा पोरं साताऱ्याला गेली. माझी पोरगी तुझ्या घरी राहून शिकली, नर्स झाली." थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "पैक्याचं मला कधी वाटलं न्हाई. पर तू परत आला न्हाईस. बांधावर दोघं असतो तर बरं झालं असतं, असं पावसाळ्यात वाटायचं. तेवढंच."

हा हिशेब पुतण्याच्या वहीत नव्हता. तो कोणाच्याच वहीत नसतो.

दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन मी सांगलीला गेलो. पसंतीचा अर्ज भरायची मुदत जवळ आली होती, कागदपत्रे तपासून घ्यायची होती. पण खरा बेत त्याच्याशी एकट्याने बोलायचा होता. पुतण्याची थोडी नाखुशीनेच मी परवानगी घेतली. "सांगा, पर जपून," तो म्हणाला.

सांगली-मिरज रस्त्यावर विश्रामबागेला उतरलो. सांगली म्हणजे गणपती, हळद आणि भडंग एवढेच ज्यांना ठाऊक असेल, त्यांनी एकदा विश्रामबागेत येऊन जावे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन कॉलेज इथे आहे. ते १९१९ चे. म्हणजे कालेच्या गावी भाऊराव आपली संस्था मांडत होते, त्याच वर्षी कृष्णेच्या खालच्या अंगाला, मुंबईच्या गव्हर्नराच्या नावाने हे कॉलेज उभे राहत होते. जवळच वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज. ते धोंडूमामा साठे यांनी न्यू इंजिनिअरिंग कॉलेज या नावाने सुरू केले १९४७ मध्ये. १९५५ मध्ये त्याला वालचंदांचे नाव मिळाले. १९४७ हेच साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजचेही वर्ष. एकाच नदीच्या काठी, दोन वेळा, एकाच वर्षी दोन-दोन दारे उघडली. वर कुदळ घेऊन आत जायचे दार, खाली गुणपत्रिका घेऊन आत जायचे दार. त्या वेळी हे दोन वेगळे जिल्हेही नव्हते. सातारा जिल्ह्याची फाळणी झाली १९४९ मध्ये, आणि दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले १९६० मध्ये.

तिसरे दारही इथल्याच माणसाने उघडले. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. पद्माळ्याचा हा शेतकरी, १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडताना गोळी खाल्लेला. कॉलेजची पायरी तेही चढले नव्हते. इथली मुले देणग्या भरून कर्नाटकातल्या कॉलेजांत जात होती. आपला पैसा नि आपली पोरे बाहेर का जावीत, म्हणून त्यांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. सांगलीजवळ बुधगावलाही त्याच वर्षी कॉलेज निघाले. त्या निर्णयाला आजही कोणी शिव्या देते, कोणी दुवा देते. मी दोन्ही ऐकले आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. ज्या शेतकऱ्याच्या मुलाला आधी कुठेच जागा नव्हती, त्याला जागा झाली. पण जागेबरोबर तिची किंमतही आली, आणि ती कुदळीने फिटणारी नव्हती. ती सात-बाऱ्याच्या उताऱ्यावर येऊन बसली.

कॉलेजचा खर्च कोणी सोसायचा, याची दोन मोठी उत्तरे या खोऱ्याला मिळाली, ती भाऊराव आणि वसंतदादा या कॉलेज न पाहिलेल्या दोन माणसांकडून. आमच्यासारखे बी. ए., बी. एड. नुसते टाळ्या घेत बसलो!

कागदपत्रांचे काम झाल्यावर आम्ही दोघे गावात गेलो. गणपतीचे दर्शन घेतले, भडंगाची पुडी घेतली आणि कृष्णेच्या घाटावर येऊन बसलो. १९२९ सालचा आयर्विन पूल समोर होता. त्याच्याखाली तांबडे पाणी जोरात वाहत होते.

मी त्याला सगळे सांगितले. वीस गुंठ्यांचे, इसाराचे, वहीतल्या बेरजेचे. आणि म्हशीचेही.

पोरगे सतरा-अठरा वर्षांचे. आधी ते काही बोलले नाही. भडंग पुडीतच राहिले. मग म्हणाले, "नानाआजोबा, मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"गिऱ्हाईक मळीत येऊन गेलं की. मोजणीवाला पण आला होता. मला न कळायला मी काय आंधळा आहे? पण सगळे माझ्यापासून लपवतायत, मग मी कसं बोलणार?"

मी मनात म्हटले, हा माझ्यापेक्षा हुशार. मला म्हैस दिसली नव्हती, याला मोजणीवाला दिसला.

"बरं, मग तुला काय हवं आहे?"

"कंप्युटर आवडतं. पण मेकॅनिकल नकोच असं नाही. चुलतमामाच्या वर्कशॉपात मी सुट्टीत जातो. मशीनवर हात बसलाय." मग त्याने खिशातून मोबाईल काढला आणि मला सरकारी योजनेचे पान दाखवले. शासनाच्या प्रवेशफेरीतून जागा घेतली आणि घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असले, तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या शिष्यवृत्तीतून निम्मी शिक्षण-फी मिळते. कोट्यातून जागा घेतली तर ती मिळत नाही. "आणि ताईला पूर्ण माफ," तो म्हणाला. "२०२४ पासून मुलींची सगळी शिक्षण-फी सरकार भरतं, याच अटीत. ती पुढच्या वर्षी बारावी होईल. तिला कंप्युटरच घ्यायचंय. माझ्यापेक्षा मार्क जास्त पडतात तिला. पण मळी विकली, तर तिच्या हॉस्टेलला नि पुस्तकांना काय ठेवणार?"

चाळीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला त्या पोराने घाटाच्या पायरीवर बसून कॉलेजच्या खर्चाचा धडा दिला. त्याच्या बापाची बेरीज बरोबर होती, पण त्या वहीत पोरीचे नावच नव्हते.

परत आल्यावर ओसरीवर पुन्हा बैठक झाली. या वेळी पोरगे मध्ये बसले आणि वही त्याच्या हातात होती. त्याने आकडे खोडले, नवे मांडले. जिल्ह्यातले कॉलेज, एसटीचा पास, निम्मी फी. राहिलेल्या फीसाठी थोडे शैक्षणिक कर्ज, ते त्याच्याच नावावर. सुट्टीत वर्कशॉपात काम. पुतण्या बराच वेळ हुज्जत घालीत होता. "लोकं काय म्हणतील?" "नंतर पस्तावशील." "माझ्यावर उपकार करतोस का?" पोरगे प्रत्येक वेळी शांतपणे म्हणे, "पप्पा, आकडा बघा."

मी मध्ये पडून एवढेच सांगितले, की कंप्युटरला नोकरी आहे आणि मेकॅनिकलला नाही, हे आजचे बोलणे झाले. चार वर्षांनी लोक काय बोलतील ते कोणी पाहिले आहे? शिकावे हे नक्की. त्यात मला आजही शंका नाही. आमच्या घरात कॉलेज आले नसते, तर दादाची मुलगी नर्स झाली नसती, आणि ही वही वाचायलाही कोणी नसते. पण ज्याला शिकायचे आहे, त्याला किंमत कळू द्या. साताऱ्याला पहाटे पाचला कुदळ हातात दिली, की ती आपोआप कळत असे. आता कुदळ नाही, तर निदान वही तरी हातात द्या.

पुतण्या उठून गोठ्याकडे गेला. तासाभराने आला तेव्हा त्याने गिऱ्हाइकाला फोन करून नको म्हणून सांगितले होते. चेहरा काही फार आनंदी नव्हता. नदीकाठच्या जमिनीची त्याची धास्ती खरी आहे, आणि ती एका वहीने जाणारी नाही. पुढच्या पावसाळ्यात पाणी पुन्हा आले, तर तो मला फोन करील आणि चार शब्द सुनावील. ते मी ऐकून घेईन.

निघताना मी दादाजवळ बसलो. एका पाकिटात काही रक्कम घालून आणली होती, पोराच्या पहिल्या वर्षासाठी. ते त्याच्या हाती देत मी म्हणालो, "दादा, हे म्हशीचे पैसे. पंचावन्न वर्षे उशीर झाला."

त्याने पाकीट उघडले, बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या, आणि माझ्याकडे वर पाहत विचारले, "तवाच्या भावानं दिलेस का आत्ताच्या?"

वहिनी आतून हसली. मी म्हणालो, "आत्ताच्या भावाने द्यायला गेलो, तर मला साताऱ्याचे घर विकावे लागेल!"

"मग ऱ्हाऊ दे," दादा म्हणाला. पाकीट त्याने नातवाच्या हातात दिले आणि त्याला म्हणाला, "वहीत मांड. नानाचं म्हणून मांड."

संध्याकाळच्या गाडीने मी परत निघालो. माहुलीच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा पाऊस पडत होता आणि रिक्षा मिळायला अर्धा तास लागला. साताऱ्याचे स्टेशन साताऱ्यात नाही याचा मला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, राग आला नाही. दसऱ्याच्या आसपास बांधावर यायचे मी दादाला कबूल केले आहे. आठवडाभर राहीन म्हटले आहे. तो काही बोलला नाही; पण माझी जुनी खाट माळ्यावरून काढून नवी सुतळी भरायला टाकली आहे, असे पोराने काल फोनवर सांगितले.